परत फिरलेलं हेलिकॉप्टर

दाजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि मी पोस्टातून रजा काढून ताईकडे राहायला गेले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा मळा निफाड तालुक्यात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. 'गंगेला पाणी आलं' हे वाक्य दर पावसाळ्यात कानावर पडतं, त्यामुळे त्याची भीती अशी कुणाला वाटत नाही. लोक पुलावर जाऊन पाणी बघतात, भजी खातात आणि घरी येतात.

दाजी गोठ्यात घसरून पडले होते. हाडात प्लेट बसवली होती. वॉकर धरून ओसरीपर्यंत यायचे, तेवढ्यानंही त्यांचा चेहरा पांढरा पडायचा. ताई एकटी. घर, जनावरं, टोमॅटो, आणि वर नवऱ्याला उठवणं-बसवणं. म्हणून मी गेले. दाजी मला नोकरी लागल्यापासून 'पोस्टमास्तरीण' म्हणून चिडवत. मी काउंटरवर बसते, पोस्टमास्तर नाही, हे त्यांना पंचवीस वर्षं सांगतेय.

त्यांचा मुलगा, माझा भाचा, नाशिकला असतो. तिशीतला आहे. लग्नाचं शूटिंग करतो, फोटो काढतो. त्यानं ड्रोन घेतला तेव्हा ताईनं त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. ट्रॅक्टरला फोडतात तसा.

त्या ड्रोनवरून आमच्या घरी एकदा वाजलं होतं. आम्ही एकलहऱ्याच्या वसाहतीत राहतो. माझे मिस्टर औष्णिक वीज केंद्रात नोकरीला. एका भाऊबीजेला भाचा आला, जेवण झाल्यावर गच्चीवर गेला आणि ड्रोन काढून त्याचे पंखे उघडायला लागला. मिस्टर जिन्यावरून ओरडतच वर गेले.

"ए, ठेव ते आधी. इथे उडवायला बंदी आहे. समोर चिमण्या दिसत नाहीत का?"

"काका, पाच मिनिटं. चिमण्यांचाच शॉट घेतो. वरून कोण बघतंय?"

मिस्टरांनी आपला मोबाइल काढून त्याला नकाशा दाखवला. नाशिकचा नकाशा, पण त्यावर लाल आणि पिवळे डाग. इकडे केंद्र, तिकडे लष्कराचा भाग, पलीकडे विमानतळ, नोटांचा छापखाना. "लाल म्हणजे नाहीच. पिवळं म्हणजे आधी परवानगी. हिरवं असेल तिथेच मोकळीक, तीही ठरलेल्या उंचीपर्यंत. आणि तुझ्या या यंत्राची नोंदणी केलीस का? धंद्यासाठी उडवतोस तर उडवायचं सर्टिफिकेट लागतं."

"सगळे असेच उडवतात, काका," तो हसून म्हणाला आणि ड्रोन परत पिशवीत घातला. आम्ही खाली येऊन पत्ते खेळलो. एवढंच झालं होतं.

त्या वर्षी त्र्यंबकच्या बाजूला पाऊस थांबायचं नाव घेईना. धरणातून पाणी सोडणार अशी गाडी गावात ओरडून गेली, पण ताईचा मळा गावाच्या अलीकडे, ओढ्यापलीकडे. गाडीचा आवाज आमच्यापर्यंत आला तो नुसता भोंगा म्हणून. शब्द काही कळले नाहीत. पहाटे ताई दूध काढायला गेली आणि लगेच परत आली.

"पाणी ओढ्यातून उलटं येऊ लागलंय," ती म्हणाली. "रस्ता गेला."

ओढ्याचं पाणी गंगेला मिळायचं सोडून गंगेचंच पाणी ओढ्यात घुसत होतं. दाजींनी खाटेवरूनच सांगितलं, "जनावरं सोड. दावी काप, गाठी सोडत बसू नको." ताईनं विळ्यानं दावी कापली. गाय लगेच बांधावरून उंचाकडे गेली. म्हैस मात्र गोठ्यातच उभी राहिली, तिला ढकलून बाहेर काढावं लागलं. तोवर पाणी आमच्या पोटऱ्यांना लागलं होतं.

घरावर स्लॅब आहे आणि वर जायला बाहेरून जिना, कठडा नसलेला. दाजींना आम्ही दोघींनी उचलायचा प्रयत्न केला, पण ते भारी गडी आहेत. शेवटी ते स्वतःच म्हणाले, "सोडा मला. मी येतो माझ्या पद्धतीनं." जिन्याकडे पाठ करून ते पहिल्या पायरीवर बसले आणि दोन्ही हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागे सरकत वर चढले. दुखरा पाय मी खालून टॉवेलात धरला होता. प्रत्येक पायरीला ते दात आवळायचे, आणि वर पोचल्यावर म्हणाले, "पोस्टमास्तरीण, पार्सल पोचलं."

मला हसू आलं नाही.

वर आम्ही एक प्लास्टिकची खुर्ची, कांद्यावर झाकायचा प्लास्टिकचा मोठा कागद, बिस्किटाचे पुडे आणि पाण्याचा हंडा नेला होता. माझ्या फोनमध्ये थोडीशी बॅटरी होती. मी आपत्तीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, तिनं शांतपणे सगळं विचारलं. किती माणसं, चालता येतं का, घराची खूण काय. मी सांगितलं, "स्लॅबचं घर, निळी टाकी, एक माणूस ऑपरेशन झालेला, त्यांना चालता येत नाही." ती म्हणाली, "नोंद घेतली आहे. छतावरच थांबा. पाण्यात उतरू नका." मग मी भाच्याला फोन लावला. "मावशी, मी निघालो," एवढं त्याचं ऐकू आलं आणि टॉवर गेला. त्यानंतर फोन नुसता हातात धरून ठेवायची वस्तू झाला.

सकाळ उजाडली तशी चहूकडे पाणी दिसायला लागलं. टोमॅटोच्या बांबूंची फक्त टोकं वर होती. पाणवेलींचे हिरवेगार गालिचे वाहत येत आणि विजेच्या खांबाला अडकून गोल फिरत राहत. शेजारच्या मळ्यातला एक पत्रा वाहत गेला. मग कुणाचा तरी पाण्याचा ड्रम. ताई सारखी म्हणत होती, "म्हस कुठं गेली असंल?" दाजी खुर्चीत कागद पांघरून बसले होते आणि थंडीनं त्यांची हनुवटी हलत होती. मी त्यांच्या अंगावर माझी ओढणी टाकली. ओल्या माणसावर ओली ओढणी. पण दुसरं होतं काय?

पाऊस जरा थांबला तेव्हा आवाज आला. मधमाश्यांच्या पोळ्याजवळून गेल्यावर येतो तसा गुणगुण आवाज. ताईनंच आधी वर पाहिलं.

"ते बघ! ते बघ गं! सरकारनं पाठवलंय!"

पुलाच्या दिशेकडून एक लहानसं काळं यंत्र येत होतं. आमच्या छतावर येऊन ते थांबलं. हवेत लटकल्यासारखं. जरा खाली आलं. ताई दोन्ही हात हलवायला लागली. मीही हलवले. दाजींनी कागदाखालून हात काढला, डोक्यावरची टोपी नीट केली आणि मग हात वर केला. फोटो निघणार असल्यासारखी त्यांनी टोपी नीट केली, हे मी आजही विसरलेले नाही. ताई रडत होती आणि हसत होती. "दिसलो आपन त्यांना," ती म्हणत होती. "आता येतील. का नाय येनार, दिसलो ना आपन!"

आणि खरंच, थोड्याच वेळात दुसरा आवाज आला. हा गुणगुण नव्हता. ही छातीत बसणारी धडधड होती. ढगांच्या खालून लष्कराचं हेलिकॉप्टर आलं. नाशिकच्या बाजूनं, सरळ आमच्याकडे. इतकं मोठं यंत्र मी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. पाण्यावर गोल सुरकुत्या पडल्या. आमच्या अंगावरचा कागद उडायला लागला, मी त्यावर पाय दिला. दार उघडं होतं आणि दारात हेल्मेट घातलेला एक जवान वाकून खाली बघत होता. त्याच्या हातात पट्टा होता. त्यानं मला बोटानं खूण केली, आधी कोण. मी दाजींकडे हात केला. त्यानं अंगठा दाखवला. हे मी स्वप्नात पाहिलेलं नाही. त्यानं अंगठा दाखवला.

मग त्याची मान एकदम वळली. तो आत काहीतरी ओरडला. हेलिकॉप्टर एका अंगावर कललं, इतकं की मला त्याचं पोट दिसलं, आणि ते वर गेलं. बरंच वर. एक गोल फेरी मारली. आणि गेलं.

मी हात वर करूनच उभी होते. ताईनं विचारलं, "काय झालं? का गेलं?" मी म्हटलं, "येईल परत." दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते छोटं यंत्र अजून थोडा वेळ आमच्यावर होतं, मग तेही पुलाकडे निघून गेलं. आम्हाला त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे कळलंच नाही. छतावर बसून मी देवाला विचारत होते की आमचं काय चुकलं. खरंच विचारत होते.

हेलिकॉप्टर परत आलं नाही. मागाहून कळलं की त्याला दुसऱ्या गावात माणसं उचलायची होती, ती त्यानं उचलली, आणि तेवढ्यात ढग इतके खाली आले की उडणंच बंद करावं लागलं.

दुपार कलल्यावर बोट आली. भगव्या जॅकेटमधली चार पोरं होती. त्यांच्या जिवावर आम्ही आज आहोत, त्यांना नावं ठेवणार नाही. पण पाण्याला ओढ भयंकर होती. त्यांनी दाजींना खुर्चीसकट दोरानं बांधून बोटीत उतरवलं. मी आणि ताई मागे. विजेच्या तारा पाण्याच्या अगदी वर लोंबत होत्या, त्या चुकवायला बोट वळवली आणि वळवताना एक वाहता ओंडका येऊन बोटीच्या कडेला आदळला. बोट उलटली नाही. पण खुर्ची आडवी झाली आणि दाजी त्याच अंगावर, त्याच खुब्यावर पडले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कुठल्या माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. ताईनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती फक्त त्यांच्या कपाळावरचं पाणी पुसत होती. पाऊस पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे पुसून काही उपयोग नव्हता.

काठावर गर्दी होती, ॲम्ब्युलन्स होती, चहा देणारी माणसं होती. भाचा नव्हता. ताई गर्दीत मान उंच करून शोधत राहिली. "अडकला असंल कुठं पुलापल्याड," असं स्वतःशीच म्हणाली.

नाशिकच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. प्लेट वाकली होती. पुन्हा ऑपरेशन. ताई वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती, अंगावर कुणाचीतरी कोरडी साडी. मी भाच्याला फोन लावत होते, तो बंद. तेवढ्यात माझे मिस्टर आले. त्यांनी ताईला नमस्कार केला, दोन शब्द बोलले आणि मला जिन्याकडे घेऊन गेले.

"पोरगा पोलीस स्टेशनला आहे," ते हळू आवाजात म्हणाले.

"का? त्यानं काय केलं?"

"तुम्ही छतावर होतात तेव्हा वर एक ड्रोन आला होता?"

"आला होता की. सरकारचा. आम्ही हात केले त्याला."

"सरकारचा नव्हता," ते म्हणाले. "याचा होता. त्याच्यामुळे हेलिकॉप्टर परत फिरलं."

मी जिन्यावर बसले. बाजूनं एक सिस्टर औषधांची ट्रॉली घेऊन गेली, तिनं मला विचारलं, "काकू, चक्कर येतेय का?" मला समोर फक्त ताई दिसत होती. दोन्ही हात हलवणारी.

त्या संध्याकाळी मी मिस्टरांबरोबर पोलीस स्टेशनला गेले. निरीक्षक बाई होत्या, माझ्याहून वयानं लहान. भाचा भिंतीजवळच्या बाकावर बसला होता. त्यानं मला पाहिलं आणि उठला, पण जवळ आला नाही.

"मॅडम, ही त्याची मावशी. त्या ड्रोनच्या चित्रणात छतावर हीपण आहे," मिस्टर म्हणाले.

बाईंनी मला बसायला सांगितलं. म्हणाल्या, "तुमचा भाचा चोर नाही, मला कळतं. पण गुन्हा दाखल झालाय. पूरग्रस्त भागात ड्रोन उडवायला मनाई होती. नोंदणी नाही, विमा नाही, लग्नाचे पैसे घेतो पण उडवायचं सर्टिफिकेट नाही. हे तर झालंच. पण खरी गोष्ट ती नाही. खरी गोष्ट ही बघा."

त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

मी आम्हाला पाहिलं. वरून. एवढंसं छत, एवढीशी निळी टाकी, आणि तीन ठिपके. त्यातला एक खुर्चीत. भोवती सगळं तपकिरी, कुठेही कड नसलेलं. छतावर होतो तेव्हा मला वाटत होतं की पाणी तीन बाजूंनी आहे आणि मागच्या बाजूला बांध आहे. बांध नव्हताच. मागची भिंत कोपऱ्यात खचली होती आणि तिथून पाणी घरात शिरून पुढच्या दारानं बाहेर पडत होतं. आम्ही ज्या स्लॅबवर उभे होतो त्याचा एक पाय गेला होता आणि आम्ही वर उभे राहून हात हलवत होतो.

मग चित्रणाच्या कोपऱ्यातून हेलिकॉप्टर आलं. ते येता येता मोठं झालं. इतकं मोठं झालं की त्याची शेपटी आणि तिच्यावरचा छोटा गरगरता पंखा मला स्वच्छ दिसला. चित्र हललं, वाऱ्यानं भिरभिरलं, आणि हेलिकॉप्टर कललं. पुढचं मला माहीत होतं.

"किती अंतर होतं यांच्यात?" मी विचारलं.

"फार नव्हतं. पायलटनं वळवलं म्हणून." बाई भाच्याकडे वळल्या. "मघाशी तुला सांगितलं, आता मावशीसमोर परत सांगते. हेलिकॉप्टरचा नियम साधा आहे. माणसं असलेलं विमान दिसलं, त्याचा आवाज आला, की ड्रोन खाली. विचार नाही, शॉट नाही, खाली. पक्षी तरी घाबरून बाजूला होतो. हे यंत्र होत नाही. ते शेपटीच्या पंख्यात गेलं असतं तर हेलिकॉप्टर कुठे पडलं असतं?"

बाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

"बोल. कुठे पडलं असतं?"

"आमच्या घरावर," तो म्हणाला.

टेबलापाशी एक हवालदार लिहीत होता, तो थांबला.

मग त्यानं मला सगळं सांगितलं. पुलाच्या अलीकडे रस्ता बंद केला होता. तो तिथे सकाळपासून प्रत्येकाला विचारत होता, कुणाला काही माहीत नव्हतं. फोन लागत नव्हता. शेवटी त्यानं गाडीतून ड्रोन काढला. मळा तिथून नजरेच्या टप्प्यात नव्हता, त्यामुळे ड्रोनकडे बघायचा प्रश्नच नव्हता, तो हातातल्या पडद्याकडे बघत होता. पडद्यावर निळी टाकी दिसली. मग आई दिसली, हात हलवताना. "मावशी, मी स्क्रीनवरून नजर काढलीच नाही. हेलिकॉप्टरचा आवाज आला मला. वाटलं, चांगलं झालं, मदत आली. बाजूला व्हायचं सुचलंच नाही. आई दिसत होती ना."

ड्रोन परत आल्यावर तो पळत पुलावरच्या हवालदाराकडे गेला होता. "साहेब, माझे आईवडील सापडले, हे बघा!" असं म्हणून त्यानंच चित्रण दाखवलं. आणि नेमकं त्याच वेळी हवालदाराच्या वायरलेसवर सांगत होते की ड्रोनमुळे हेलिकॉप्टरला माघार घ्यावी लागली, उडवणारा शोधा.

मला वाटलं होतं की मी त्याला खूप बोलेन. माझ्या तोंडून एकच प्रश्न निघाला. "घर कुठलं ते तुझ्यामुळे तरी कळलं का त्यांना?" मला कुठूनतरी थोडं पुण्य त्याच्या पदरात टाकायचं होतं.

बाईंनीच उत्तर दिलं. "पत्ता सकाळीच कंट्रोल रूमला होता. तुम्ही फोन केला होतात ना? त्यावरूनच हेलिकॉप्टर निघालं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं. मी त्याला म्हटलं, "ताईला मी सांगते." तो म्हणाला, "नको, मावशी. माझं मी सांगतो." दाजींचं दुसरं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, ते खाटेवर पडून होते. तो ताईच्या पायाशी, फरशीवरच बसला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. काही गाळलं नाही. नोंदणी नव्हती हेही सांगितलं.

ताई ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर राग येईल याची मी वाट बघत होते. ती म्हणाली, "म्हंजी मी हात करीत व्हते तो तुला?"

"हो, आई."

"तू पघत व्हता मला?"

"हो."

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्याच्या पाठीत एक जोरात धपाटा घातला. वॉर्डातले लोक बघायला लागले. मग ती पदर तोंडात घालून रडली. मला त्या क्षणी कळेना की मी कुणाच्या बाजूची आहे.

दाजी छताकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "त्यात मानसं किती व्हती?"

"हेलिकॉप्टरमध्ये? चार, बाबा."

"चार," दाजी म्हणाले. "चौघांच्याबी आया असतील." आणि त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

त्यानंतर कितीतरी दिवस ते मुलाशी बोलले नाहीत. तो रोज यायचा, डबा आणायचा, त्यांचे पाय दाबायचा. ते दाबून घ्यायचे आणि माझ्याशी किंवा ताईशी बोलायचे. खटला उभा राहिला, दंड झाला, ड्रोन जप्तच राहिला. भाचा म्हणाला, "आता मी हे कामच सोडतो. हातात घ्यायचंच नाही." तेव्हा दाजी पहिल्यांदा त्याच्याशी बोलले.

"ट्रॅक्टर शिकला तवा तू पहिल्याच दिशी विहिरीचा कठडा पाडला व्हता. मी ट्रॅक्टर इकला का? नीट शिकून घे. परीक्षा असंल ती दे. आन मग उडव. नाय तर नको उडवू. पन अर्धवट शिकलेलं पुन्हा हातात धरशील तर माझ्या दारात येऊ नको."

त्यानं प्रशिक्षण घेतलं. परीक्षा दिली, नवीन यंत्राची नोंदणी केली, विमा काढला. आता कुठे उडवायचं असेल तर आधी नकाशा बघतो, मग जागेवर जाऊन तारा, झाडं, गर्दी बघतो. माणसांच्या डोक्यावरून नेत नाही. ड्रोन नजरेआड जाऊ देत नाही. शेजारी एक माणूस फक्त आकाशाकडे बघायला उभा करतो. विमानतळाच्या बाजूच्या एका लॉन्सवर लग्नाची ऑर्डर होती, तिथे परवानगी मिळाली नाही म्हणून त्यानं वरातीचं शूटिंग खालूनच केलं. नवरीचा मामा सगळ्यांसमोर त्याला बोलला, अर्धे पैसे कापले. तो मला हे सांगत होता तेव्हा त्याला त्याचं दुःख नव्हतं, हे मी पाहिलं. दाजी आता काठी घेऊन चालतात. डावा पाय थोडा आखूड पडला. मळ्यातलं घर पाडून उंचावर नवीन बांधलं.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंगेला पाणी आलं. मी आणि भाचा दाजींचं औषध घेऊन मळ्याकडे निघालो होतो. पुलाजवळ गर्दी होती, म्हणून गाडी थांबवली. लोक मोबाइल उंच धरून उभे होते. आणि वर, पाण्यावर, ड्रोन होते. एक नव्हे, तीन. मी वर बघत राहिले. एका वर्षात कुणीच काही शिकलं नव्हतं का? आमच्या घराचं सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं.

भाचा गाडीतून उतरला. कठड्याला टेकून एक माणूस पडद्यात डोकं घालून उभा होता. माझा भाचा त्याच्याजवळ गेला आणि आवाज न चढवता म्हणाला, "दादा, खाली घ्या. हेलिकॉप्टर आलं तर तुम्हाला कळणार नाही."

"तू कोण रे? पोलीस का?"

"नाही. मागच्या वर्षी ज्याच्यामुळे हेलिकॉप्टर परत गेलं ना, तो मी. छतावर माझे आईवडील होते."

त्या माणसानं ड्रोन खाली घेतला. दुसरा एक जण हे ऐकून आपला ड्रोन उतरवून हळूच गाडीत बसून गेला. तिसरा काठाकाठानं लांब चालत गेला आणि तिथून उडवत राहिला. भाचा त्याच्या मागे निम्म्यापर्यंत गेला, चिखलात बूट रुतला, परत आला. पोलिसांना फोन केला. गाडीत बसल्यावर तो किल्ली लावायला लागला तेव्हा मी म्हटलं, "जरा थांबू या."

आम्ही काचा वर करून तिथेच बसलो. तिसरा ड्रोन पाण्यावर फिरत होता. उजेड होता, ढग उंच होते, आणि त्या दिवशी कुणाला उचलायची वेळ आली नाही. पोलिसांची गाडी येईपर्यंत मी त्या ठिपक्यावरून नजर काढली नाही.